हॅरिएट बीचर स्टो : सहानुभूती आणि तिची मर्यादा

हॅरिएट बीचर स्टो यांचा जन्म १४ जून १८११ रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यात लिचफील्ड या गावी झाला. वडील लायमन बीचर हे काल्व्हिनपंथी धर्मोपदेशक होते. वयाच्या पाचव्या वर्षी हॅरिएट मातृसुखाला पारख्या झाल्या. १८३२ मध्ये हे कुटुंब ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरी आले. नदीच्या अलीकडे गुलामगिरीला मज्जाव होता. पलीकडे, केंटकी राज्यात, माणसांचा क्रयविक्रय कायदेशीर होता. नदी ओलांडून आलेल्या फरारी गुलामांच्या हकीकती त्यांनी येथेच ऐकल्या.

१८३६ मध्ये त्यांचा विवाह प्राध्यापक कॅल्विन स्टो यांच्याशी झाला. १८४९ च्या पटकीच्या साथीत त्यांचा दीड वर्षाचा मुलगा दगावला. मुलापासून तोडल्या जाणाऱ्या गुलाम मातेचे दुःख आपणास या मृत्यूने उमगले, असे त्यांनी पुढे नमूद केले. १८५० च्या कायद्याने फरारी गुलामांना पकडून देण्याची सक्ती मुक्त राज्यांतील नागरिकांवरही आली. त्याच वर्षी त्या मेन राज्यात ब्रन्सविक येथे राहावयास गेल्या, आणि तेथे ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिली गेली. जून १८५१ पासून ती ‘नॅशनल इरा’ या साप्ताहिकात क्रमशः आली व मार्च १८५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अमेरिकेत वर्षभरात सुमारे ३ लाख प्रती खपल्या. कादंबरी असत्य असल्याचा आरोप होताच १८५३ मध्ये त्यांनी न्यायनिवाडे, जाहिराती व साक्षी यांचा पुरावा देणारा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला.

तथापि, अन्यायाविरुद्ध लिहिलेली ही कृती वांशिक पूर्वग्रहापासून मुक्त नव्हती. उजळ वर्णाच्या जॉर्ज व एलायझा यांच्या वाट्याला तडफ आली. काळ्या टॉमच्या वाट्याला सोशीकता. स्वतंत्र झालेला जॉर्ज अखेर लायबेरियाला जावयास निघतो, जणू अमेरिकेत त्याला स्थानच नसावे. मार्टिन डिलेनी या कृष्णवर्णीय विचारवंताने १८५३ मध्येच आक्षेप घेतले. गुलामीतून निसटलेल्या हॅरिएट जेकब्स यांना आपली कहाणी सांगण्यास स्टो यांचे साहाय्य हवे होते. स्टो यांनी ती आपल्या पुराव्याच्या ग्रंथात घालण्याचे ठरविले, आणि तिची शहानिशा जेकब्स यांच्या मालकिणीकडे परस्पर केली. दुखावलेल्या जेकब्स यांनी मग स्वतःच लेखणी उचलली. त्यांचे आत्मकथन १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले.

रंगभूमीने टॉमची आणखी हानी केली. दोन फरारी स्त्रियांचा ठावठिकाणा न सांगता कादंबरीतील टॉम मरण पत्करतो. चेहरा काळा फासलेल्या गोऱ्या नटांनी त्याला लाचार केले, आणि त्याचे नाव शिवी ठरले. १९४९ मध्ये जेम्स बाल्डविन यांनी कादंबरीतील भावविवशतेवरच कठोर प्रहार केला.

१८६५ मध्ये गुलामगिरी घटनेने रद्द झाली. आठ वर्षांनी जोतीराव फुले यांनी आपली ‘गुलामगिरी’ त्या लढ्यात त्याग करणाऱ्या अमेरिकी जनतेला अर्पण केली. स्टो यांचे निधन १ जुलै १८९६ रोजी हार्टफर्ड येथे झाले. पीडितांसाठी लिहिणाऱ्याने पीडितांच्या लेखणीला जागा द्यावी काय, हा प्रश्न दलित साहित्याने सहानुभूती व स्वानुभव या शब्दांत मांडला. स्टो आणि जेकब्स यांच्यातील दुराव्यात तो १८५३ मध्येच उभा राहिला होता.