डबाबंद अन्नाचा उपेक्षित जनक

घरातील कुत्र्या-मांजरांसाठी बंद डब्यातील तयार खाद्य आज सहज मिळते. या सोयीचे मूळ निकोला अपेर या फ्रेंच मिठाई व्यावसायिकाच्या प्रयोगांत आहे. १७४९ मध्ये जन्मलेल्या अपेर यांनी काचेच्या बाटलीत अन्न भरून, घट्ट बूच लावून ती उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत शोधली. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्यांना १२ हजार फ्रँक दिले. मात्र कृती जाहीर करण्याच्या अटीवर. त्यांनी ती पुस्तकरूपाने सर्वांना खुली केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांनी पत्र्याच्या डब्यांसाठी पेटंट घेतले. १८१४ च्या युद्धात अपेर यांचा मासी येथील कारखाना उद्ध्वस्त झाला. १८४१ मध्ये विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले. १९२२ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांसाठी डबाबंद मांस विक्रीस आले, तेही त्यांच्याच तत्त्वावर.