शेवटच्या काही किलोमीटरचा सब्र : धावपटू अल वाफी

शाळेच्या मैदानावर शर्यत लागली की एक गोष्ट हमखास दिसते. शिट्टी वाजताच काही मुलं जीव खाऊन पळतात आणि दुसऱ्या फेरीत पोट धरून बसतात. अशा मुलांना मी अहमद बूगेरा अल वाफी यांची गोष्ट सांगतो.

अल वाफी यांचा जन्म 1898 मध्ये अल्जेरियातल्या बिस्क्राजवळच्या उलेद जेलाल या गावी झाला. सहाराच्या कडेचा हा मुलूख तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. तरुणपणी ते फ्रेंच सैन्यात भरती झाले आणि तिथंच त्यांच्या पायातली ताकद लोकांच्या नजरेत आली. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉन धावले आणि सातवे आले. पदक मिळालं नाही. त्यांनी पॅरिसजवळ बियांकूरच्या रेनॉ मोटार कारखान्यात मजुरी धरली. दिवसा कारखाना आणि उरलेल्या वेळात धावण्याचा सराव, अशी चार वर्षं गेली.

मग आलं 1928 चं अॅमस्टरडॅम ऑलिंपिक. आपल्याकडच्या लोकांना ते भारताच्या पहिल्या हॉकी सुवर्णपदकासाठी आठवतं. त्या संघात फिरोज खान, शौकत अली हे खेळाडू होते. 5 ऑगस्टला मॅरेथॉन झाली. 42 किलोमीटर 195 मीटर अंतर आणि 69 धावपटू. अर्धी वाट संपली तरी अल वाफी आघाडीच्या जवळपासही नव्हते. पुढे जपानचे यामादा आणि अमेरिकेचे जोई रे यांची चुरस चालली होती. अल वाफींनी घाई केली नाही, आपला वेग धरून ठेवला. ज्या टप्प्यावर पाय दगडासारखे होतात आणि थांबावंसं वाटतं, तिथं पुढचे दोघं ढिले पडले आणि हा कारखान्यातला मजूर त्यांना मागं टाकून निघून गेला. चिलीचे प्लाझा पाठोपाठ होते, पण 26 सेकंद मागेच राहिले. वेळ होती 2 तास 32 मिनिटं 57 सेकंद. सुवर्णपदक मात्र फ्रान्सच्या खात्यात जमा झालं, कारण अल्जेरियाला स्वतःचा झेंडाच नव्हता.

खरी कठीण दौड यानंतर सुरू झाली. अमेरिकेत पैसे घेऊन धावले म्हणून त्यांना हौशी स्पर्धांतून बाद करण्यात आलं. गरीब माणसानं आपल्या मेहनतीचे चार पैसे घेतले, एवढाच गुन्हा. मिळालेल्या पैशातून त्यांनी पॅरिसमध्ये कॅफे घेतलं, तेही हातातून गेलं. पुढची वर्षं गरिबीत गेली. लोक विसरले.

1956 मध्ये मेलबर्नला मॅरेथॉन जिंकली ती अल्जेरियातच जन्मलेल्या आलां मिमून यांनी. तेव्हा कुठं अल वाफींची आठवण निघाली. मिमून यांनी त्यांना शोधलं आणि राष्ट्राध्यक्षांच्या सत्कार समारंभात सोबत नेलं. ऑक्टोबर 1959 मध्ये, अल्जेरियाचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं असताना, पॅरिसजवळच्या सेंट-डेनिस इथं गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला. बोबिनीच्या मुस्लिम कब्रस्तानात ते दफन आहेत. 1962 चं स्वातंत्र्य त्यांना पाहता आलं नाही.

दहावीचा अभ्यास असो, रोजीची धडपड असो किंवा घरातलं आजारपण, थकवा बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यावरच गाठतो. तिथं सब्र कामाला येतो, आणि सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नाही. थकलेल्या पायांनी आणखी एक पाऊल टाकणं म्हणजे सब्र. मुलांनी हे अल वाफींकडून घ्यावं. आपण मोठ्यांनी मिमून यांच्याकडून घ्यावं. आपल्या मोहल्ल्यात एखादा जुना खेळाडू, जुना उस्ताद एकटा बसलेला असेल तर आजच त्याचं दार ठोठवावं, त्याच्या जनाज्याची वाट पाहू नये.

अल्लाह मरहूम अल वाफी यांची मगफिरत करो. आमीन.