थेंब न थेंब राखणारा अभियंता

लांब पल्ल्याच्या वाळवंटी मोटार शर्यतींत काही युक्त्या आज सर्रास वापरल्या जातात. मऊ वाळू आली की टायरमधील हवा कमी केली जाते, रुतलेल्या चाकाखाली धातूच्या पट्ट्या सरकवल्या जातात, गाडीवरचे अनावश्यक वजन आधीच उतरवलेले असते. या युक्त्यांचा मागोवा घेत मागे गेले, की १९२० च्या दशकातील कैरो शहरात, ब्रिटिश सैन्यातील एका अधिकाऱ्याच्या साध्यासुध्या फोर्ड गाडीपाशी येऊन पोहोचायला होते. तो अधिकारी म्हणजे राल्फ अल्जर बॅगनॉल्ड. वाळवंटाचा संशोधक, सैनिक आणि वाळूच्या विज्ञानाचा पाया घालणारा शास्त्रज्ञ अशी त्यांची तिहेरी ओळख आहे. मात्र या तिन्ही भूमिकांची सुरुवात एका तापट इंजिनापासून झाली.

३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे त्यांचा जन्म झाला. वडील रॉयल इंजिनिअर्समध्ये कर्नल होते. खार्टूममध्ये वेढल्या गेलेल्या जनरल गॉर्डन यांच्या सुटकेसाठी १८८४-८५ मध्ये निघालेल्या मोहिमेत ते सहभागी झाले होते. मोठी बहीण एनिड पुढे नामवंत लेखिका झाली. राल्फ यांनी मात्र वडिलांची वाट धरली. १९१५ मध्ये रॉयल इंजिनिअर्समध्ये दाखल होऊन त्यांनी पहिल्या महायुद्धाची उरलेली वर्षे फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत काढली. युद्धानंतर केंब्रिजमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते सैन्याच्या सिग्नल दलात परतले आणि १९२६ मध्ये त्यांची नेमणूक कैरोला झाली.

सामान्यांची गाडी, असामान्य वाट

नाईल नदीच्या पश्चिमेला पसरलेले लिबियाचे वाळवंट तेव्हा नकाशावर बव्हंशी कोरे होते. इजिप्तचे अहमद हसनैन १९२३ मध्ये उंटांच्या तांड्यासह उवैनात पर्वतापर्यंत पोहोचले होते. राजपुत्र कमाल अल-दीन यांच्याकडे पट्ट्यांवर चालणाऱ्या सित्रोएन गाड्या आणि त्यांना साजेसा खर्च करण्याची ऐपत होती. सैनिकी पगारावर जगणाऱ्या बॅगनॉल्ड यांना यातले काहीच परवडणारे नव्हते. त्यांनी निवडली ती फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’.

१९०८ पासून बनत असलेली ही गाडी तोवर जुनी झाली होती. सुमारे २.९ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि ताकद अवघी २० अश्वशक्ती. इंधनासाठी पंप नव्हता. पेट्रोल टाकीतून उताराने कार्ब्युरेटरमध्ये उतरे. पण या साधेपणातच तिचे बळ होते. मोजक्या हत्यारांनी ती उघडता येई, तिचे सुटे भाग सहज मिळत आणि वजन कमी असल्याने रुतली तरी चार माणसे तिला ढकलून बाहेर काढू शकत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हलक्या मोटारींच्या गस्ती तुकड्यांनी याच गाड्या इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात फिरवल्या होत्या. तो अनुभव वाया जाऊ न देता बॅगनॉल्ड आणि त्यांच्या सहकारी अधिकाऱ्यांनी पुढचा प्रवास आरंभला. सुटीच्या दिवसांत सिनाई ओलांडून पॅलेस्टाइन आणि ट्रान्सजॉर्डन, नंतर सिवाचे मरुद्यान, असे एकेक टप्पे गाठले गेले.

उकळत्या पाण्याचा हिशेब

या प्रवासांत सर्वांत मोठी अडचण ठरली ती पाण्याची. मऊ वाळूतून जाताना गाडी खालच्या गिअरमध्ये, सावकाश चालवावी लागते. इंजिन जोराने फिरते, पण गाडीला वेग नसल्याने रेडिएटरला वारा पुरेसा मिळत नाही. त्यातच या वाळवंटात वारा बहुधा उत्तरेकडून वाहतो. दक्षिणेला निघालेल्या गाडीच्या तो पाठीशी असतो आणि रेडिएटरच्या जाळीतून हवा खेळेनाशी होते. ‘मॉडेल टी’मध्ये पाणी फिरवणारा पंपही नव्हता, तापलेले पाणी हलके होऊन वर चढे आणि थंड झालेले खाली उतरे, यावरच सारी भिस्त. परिणामी पाणी उकळे आणि वाफ होऊन नळीवाटे हवेत निघून जाई. गाडीची तहान भागवण्यासाठी जे पाणी ओतावे लागे, ते माणसांच्या वाट्यातूनच येई. जवळची विहीर शेकडो किलोमीटर दूर असताना हा हिशेब जिवावर बेतणारा होता.

बॅगनॉल्ड यांनी यावर वापरलेला उपाय थक्क करणारा सोपा आहे. वाफ बाहेर सोडणारी नळी त्यांनी थेट हवेत न सोडता गाडीच्या पायरीवर बसवलेल्या एका डब्यात नेली. हा डबा पाण्याने अर्धा भरलेला असे आणि नळीचे टोक त्या पाण्यात बुडालेले असे. रेडिएटरचे झाकण हवाबंद केलेले. पाणी उकळले की वाफ डब्यातील थंड पाण्यात शिरून तेथेच तिचे पुन्हा पाणी होई. डब्यातले पाणीही उकळू लागले, की चालकाने गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवायची. इंजिन थोडे निवले की आतली वाफ आकसे, पोकळी निर्माण होई आणि डब्यातले पाणी आपोआप रेडिएटरमध्ये परत ओढले जाई. जोड कोठे गळत नसतील तर एक थेंबही वाया जात नसे. वाफ थंड करून वापरण्याची कल्पना पूर्वीच्या गस्ती तुकड्यांनाही ठाऊक होती. बॅगनॉल्ड यांनी ती लांबच्या मोहिमांचा कणा बनवली.

वजन, वाळू आणि सावली

इंजिनाची ताकद वाढवणे शक्य नव्हते. मग त्याच्यावरचा भार कमी करायचा, असे त्यांनी ठरवले. बॉनेट, मडगार्ड, समोरची काच, जे जे काढता येईल ते काढले गेले. मूळ सांगाड्याऐवजी हलक्या लाकडी पेट्या आल्या. वाचलेल्या प्रत्येक किलोच्या जागी पेट्रोल, पाणी आणि अन्न भरता येत होते.

रुतलेली गाडी बाहेर काढण्यासाठी त्यांना कैरोतील एका भंगारवाल्याकडे पोलादाच्या पन्हळी सापडल्या. महायुद्धात खंदकांवर छत घालण्यासाठी त्या बनवलेल्या होत्या. मागच्या चाकांपुढे त्या सरकवल्या की चाकाला पकड मिळे आणि गाडी वाळूतून वर येई. टायरमधील हवा कमी केल्याने भार पसरे आणि चाक कमी रुते.

राहिला प्रश्न दिशेचा. गाडीतील लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र चुकीची दिशा दाखवी. त्यासाठी बॅगनॉल्ड यांनी स्वतःचे सूर्य-होकायंत्र तयार केले. अंशांच्या खुणा केलेल्या तबकडीच्या मधोमध एक उभी सुई, आणि त्या सुईची सावली पाहून चालक गाडी न थांबवता दिशा राखे. सूर्य सरकेल तशी तबकडी फिरवून घ्यावी लागे.

वाळूच्या महासागरात

१९२८ मध्ये बॅगनॉल्ड यांची बदली भारतात, वायव्य सरहद्दीवर झाली. तरीही रजा मिळताच ते कैरो गाठत. १९२९ आणि १९३० मध्ये ‘मॉडेल ए’ या नव्या फोर्ड गाड्या घेऊन ते ‘ग्रेट सँड सी’ या प्रचंड वाळूसागरात शिरले. शंभर मीटरहून उंच टेकड्यांच्या रांगांमुळे मोटारीला तो दुस्तर मानला जात होता. एका टेकडीवर वेगाने गाडी चढवली असता घट्ट बसलेल्या वाळूने ती अलगद वर उचलून धरली, आणि वाट सापडली. मात्र माथ्यावर वेळीच थांबणे आवश्यक होते, कारण पलीकडची बाजू कड्यासारखी सरळ उतरत असे. १९३० च्या मोहिमेत ते उवैनातमार्गे सुदानमधील वाडी हाल्फापर्यंत गेले. १९३२ च्या मोहिमेने दारफुरपर्यंत मजल मारली. बिनतारी संचाचा आधार नाही, मागे शोधपथक नाही; आस मोडला किंवा पाणी गळाले तर सुटका आपल्याच हाती होती. झरझुरा या दंतकथेतील हरवलेल्या मरुद्यानाचा शोध हे या भटकंतीचे निमित्त होते. ते कधीच सापडले नाही. नकाशावरची कोरी जागा मात्र भरत गेली.

प्रयोगशाळा आणि युद्ध

एकाच टेकडीवरची वाळू एका जागी दगडासारखी घट्ट, तर दोन पावलांवर दलदलीसारखी मऊ का असते, हा चालकाचा प्रश्न बॅगनॉल्ड यांचा पिच्छा सोडेना. १९३५ मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः वारा-बोगदा बांधला आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये प्रयोग सुरू केले. वाऱ्याबरोबर वाळूचे कण उड्या मारत पुढे जातात आणि खाली आदळताना इतर कणांना हलवतात, ही प्रक्रिया त्यांनी मोजून दाखवली. १९३८ मध्ये पुन्हा वाळवंटात जाऊन त्यांनी निष्कर्ष पडताळले. त्यावरील ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला.

तोवर युद्ध पेटले होते. १९३९ मध्ये पुन्हा बोलावणे आले आणि केनियाकडे निघालेले त्यांचे जहाज भूमध्य समुद्रात टक्कर होऊन नादुरुस्त झाल्याने ते इजिप्तमध्ये अडकले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर जनरल वेव्हेल यांनी त्यांना वाळवंटी तुकडी उभारण्यास सांगितले. हाती होते सहा आठवडे. कैरोतून मिळवलेले शेव्हरोले ट्रक, न्यूझीलंडचे स्वयंसेवक आणि जुनी सामग्री, म्हणजे वाफेचा डबा, पोलादी पन्हळी आणि सूर्य-होकायंत्र, यांतून ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभा राहिला. शत्रूच्या पिछाडीला शेकडो किलोमीटर आत शिरून या तुकड्यांनी टेहळणी केली, हल्ले चढवले. पुढे १९४२ मध्ये भारतीय जवानांचे ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’ही याच दलाच्या जोडीने काम करू लागले.

नियतीचा खेळ असा, की झरझुराच्या शोधातील त्यांचे हंगेरियन परिचित लास्लो अल्माशी त्याच वेळी जर्मन सैन्याच्या बाजूने होते. १९४२ मध्ये त्यांनी दोन जर्मन हेरांना वाळवंट ओलांडून नाईलपर्यंत पोहोचवले. कुतूहलापोटी मिळवलेले ज्ञान दोन्ही पक्षांनी एकमेकांविरुद्ध वापरले.

साधेपणाचा वारसा

१९४४ मध्ये बॅगनॉल्ड रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्धानंतर वाळू आणि नदीतील गाळाचे वहन यांवर ते दीर्घकाळ लिहीत राहिले. २८ मे १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याआधी दहा वर्षे, १९८० च्या पॅरिस-डाकार शर्यतीत क्लोद आणि बर्नार मारो या फ्रेंच बंधूंनी चारही चाकांना गती मिळेल अशी रूपांतरित केलेली छोटीशी रेनॉ ४ मोटारींत तिसऱ्या क्रमांकावर आणली होती. हलकी गाडी आणि साधी रचना वाळूत किती दूर नेते, याची ती नवी साक्ष होती.

२०१५ च्या अखेरीस ‘क्युरिऑसिटी’ हे यान मंगळावरील वाळूच्या टेकड्यांपाशी पोहोचले. त्या टेकड्यांना बॅगनॉल्ड यांचे नाव देण्यात आले आहे. कोरड्याठाक अशा त्या प्रदेशाला हे नाव लाभावे, यात औचित्य आहे. हाताशी जे थोडे आहे त्यातले काहीही वाया जाऊ द्यायचे नाही, हाच त्यांचा आयुष्यभराचा नेम होता.