कार्ल त्सीग्लर

पाण्याचे डबे, बरण्या आणि नळ ज्या कडक पॉलिथिनचे बनतात, त्याचा जन्म एका फसलेल्या प्रयोगातून झाला. त्या प्रयोगाचा छडा लावणारे रसायनशास्त्रज्ञ म्हणजे कार्ल त्सीग्लर.

त्यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९८ रोजी जर्मनीत कासेल शहराजवळील हेल्सा या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. बालपणीच त्यांनी घरात छोटीशी प्रयोगशाळा थाटली. १९२० मध्ये मारबुर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. पुढे १९४३ मध्ये म्यूलहाइम येथील कोळसा-संशोधन संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे चालून आले. कोळशाशी संबंध असो वा नसो, आपल्या आवडीचे संशोधन करण्याची मोकळीक मिळेल, या अटीवरच त्यांनी ते स्वीकारले.

एथिलीन वायूचे असंख्य रेणू एकमेकांत गुंफले की पॉलिथिन तयार होते. या क्रियेस बहुवारिकीकरण म्हणतात. ती घडविण्याची इंग्लंडमधील जुनी रीत फार कष्टाची होती. हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक दाब व प्रखर उष्णता द्यावी लागे आणि किंचित प्राणवायूने क्रियेस आरंभ होई. शिवाय त्या साखळ्यांना फाटे फुटत. म्हणून माल मऊ निघे.

त्सीग्लर अ‍ॅल्युमिनियमच्या सेंद्रिय संयुगांनी ही साखळी वाढवू पाहत होते. एकदा त्यांचे शिष्य होल्त्सकांप यांना लांब साखळीऐवजी दोनच रेणू जुळलेले आढळले. गुरुशिष्यांनी तो प्रयोग टाकून दिला नाही. कसून शोध घेता भांड्यात राहिलेला निकेलचा अंश हे कारण सापडले. एक धातू साखळी तोडतो, तर दुसरा ती वाढवीत नसेल कशावरून? मग एकामागून एक धातू पारखण्यात आले. अखेर १९५३ मध्ये टायटॅनियमने यश दिले. ते संयुग व अ‍ॅल्युमिनियमचे संयुग हायड्रोकार्बन द्रवात मिसळून त्यात साध्या दाबाखाली एथिलीन सोडताच शुभ्र भुकटी साचू लागली. विद्रावक मात्र कोरडाच हवा. पाणी किंवा हवेचा प्राणवायू शिरल्यास उत्प्रेरक निकामी होई. या साखळ्या सरळ असल्याने दाटीने बसत व माल कडक होई.

इटलीतील जूल्यो नात्ता यांनी हीच वाट पुढे नेली. १९६३ चे नोबेल पारितोषिक दोघांस विभागून मिळाले. १९६८ मध्ये सत्तराव्या वाढदिवशी त्सीग्लर यांनी संस्थेच्या संशोधनासाठी चार कोटी मार्कांचा निधी उभा केला. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

अपेक्षेविरुद्ध आलेले उत्तर खोडून टाकण्यापूर्वी त्याचे कारण शोधावे, ही शिकवण विद्यार्थ्यांनी त्यांच्या चरित्रातून अवश्य घ्यावी.