गिरणी कामगारांचे कैवारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर



बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो, ते योग्यच आहे. पण आम्हा गिरणीवाल्यांसाठी त्यांनी काय केलं, हे पोराबाळांना फारसं ठाऊक नाही. म्हणून हे चार शब्द.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले भीमराव पुढे राहिले ते मुंबईच्या परळ भागात. बॅरिस्टर झाले तरी राजगृह बांधेपर्यंत त्यांचा संसार बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत होता. आजूबाजूला सगळी गिरणीतली माणसं.

त्या काळी आपल्या माणसांना गिरणीत काम मिळे, पण विणकाम खात्याचं दार बंद. आणि जास्त पगार तिथंच! कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या तोंडचा धोटा इतरांना विटाळ वाटे. आपण कातलेल्या सुताचं कापड मात्र सगळ्यांना चालत होतं. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, की ही बंदी उठवण्याची मागणी घेतल्याशिवाय आमचा पाठिंबा नाही. नाखुशीनं का होईना, त्यांना ती घ्यावी लागली.

1936 साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1938 साली संपाचा हक्क आवळणारं बिल आलं, तेव्हा मतभेद बाजूला सारून ते कम्युनिस्टांबरोबर उभे राहिले आणि 7 नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला. बिल काही थांबलं नाही, पण जातीपातीचे कामगार एका मैदानात आले.

1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारा 1946 चा कायदा त्यांच्याच खात्याचा. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1906 साली गिरणी काढली, तीही बंद पडली. मी सूतगिरणीत आहे. आपल्या लेकीसुना शिलाईवर जातात, नगावर पैसे घेतात. तास कोण मोजतो? विहारात येताना आपण पांढरी शुभ्र वस्त्रं नेसतो. ती शिवणाऱ्या हाताला पुरता दाम मिळाला का, एवढं तरी आपण विचारू या. बाबासाहेबांनी तुटक्या धाग्यापासूनच सुरुवात केली होती.

जयभीम!