फौजेआधीचे नेताजी

आमच्या शाळेच्या सभागृहात शिरताना डाव्या हाताला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे मोठे चित्र आहे. लष्करी टोपी, गोल चष्मा, गुडघ्यापर्यंतचे बूट. सहावीत इथे आलो तेव्हापासून मी त्यांना याच वेषात पाहत आलो आहे. यंदा २३ जानेवारीला त्यांच्या जयंतीच्या दिवशी बोलायची पाळी माझ्यावर आली, म्हणून ग्रंथालयातून त्यांची दोन चरित्रे आणली. वाचता वाचता एका पानावर थबकलो. ज्यांनी पुढे आझाद हिंद फौजेचे नेतृत्व केले, ते वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कलकत्त्याचे नळ, गटारे, दवाखाने आणि शाळा सांभाळत होते!

थबकण्याचे कारण माझ्या घरचे आहे. माझे बाबा आमच्या गावच्या नगरपरिषदेत पाणीपुरवठा विभागात काम करतात. इथे बऱ्याच मित्रांचे वडील फौजेत आहेत. बाबांच्या नोकरीविषयी कोणी विचारले की 'सरकारी नोकरी' एवढेच सांगून मी विषय बदलत असे. त्यामुळे नेताजींचे हे पान मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचले. त्यात जे सापडले ते इथे सांगतो.

सुभाषबाबूंचा जन्म २३ जानेवारी १८९७ रोजी कटक येथे झाला. १९२० साली ते इंग्लंडमध्ये आय.सी.एस. परीक्षेत चौथे आले आणि १९२१ मध्ये त्यांनी त्या नोकरीवर पाणी सोडले. एवढे आपल्या सर्वांना पाठ आहे. मायदेशी परतल्यावर ते देशबंधू चित्तरंजन दास यांच्या हाताखाली काम करू लागले. त्यांना शहराच्या कारभारात आणले ते देशबंधूंनीच. पण ती गोष्ट समजायची तर आधी कलकत्त्याचा कारभार कसा चाले ते पाहावे लागते.

पूर्वी कलकत्ता महापालिकेचा अध्यक्ष सरकार नेमत असे, आणि तो बहुधा इंग्रज अधिकारी असे. सभेत अध्यक्षस्थानी तोच आणि बाहेर हुकूम बजावणाराही तोच. १८९९ साली सरकारने नवा कायदा करून लोकांनी निवडलेल्या सभासदांची संख्या कमी केली. त्याच्या निषेधार्थ सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि त्यांचे सत्तावीस सहकारी राजीनामे देऊन बाहेर पडले. काळाचा खेळ असा, की पुढे तेच सुरेंद्रनाथ बंगालचे स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री झाले आणि १९२३ साली त्यांनीच कलकत्त्यासाठी नवा कायदा करून घेतला.

या कायद्याने जुन्या अध्यक्षाच्या खुर्चीच्या दोन खुर्च्या केल्या. एक महापौराची. महापौराची निवड सभासदांनी दर वर्षी करायची आणि त्याने सभेचे अध्यक्षस्थान घ्यायचे. दुसरी खुर्ची मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची. त्याची नेमणूक महापालिकेने करायची, पण तिला सरकारची मंजुरी लागायची. ठराव करणे, कर ठरवणे आणि अंदाजपत्रक मंजूर करणे हे सभागृहाचे काम. ते अमलात आणणे हे अधिकाऱ्याचे. शहराच्या मतदार यादीत बायकांनाही या कायद्याने जागा मिळाली.

नव्या कायद्याखाली १९२४ च्या वसंतात निवडणूक झाली आणि देशबंधूंच्या स्वराज्य पक्षाला मोठे यश मिळाले. देशबंधू कलकत्त्याचे पहिले महापौर झाले, हुसेन शहीद सुऱ्हावर्दी उपमहापौर झाले. मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून महापालिकेने सुभाषबाबूंना निवडले. सरकारला हे नाव रुचले नाही. मंजुरी रेंगाळली, पण अखेर द्यावी लागली. या पदाचा पगार होता महिना तीन हजार रुपये. सुभाषबाबूंनी त्यातले दीड हजारच घ्यायचे ठरवले.

त्या काळी हे एकट्या कलकत्त्यातच घडत होते असे नाही. अहमदाबादेत वल्लभभाई पटेल, अलाहाबादेत जवाहरलाल नेहरू आणि पाटण्यात राजेंद्रप्रसाद नगरपालिकांचे अध्यक्ष होते. देशाचा कारभार हाती यायला अजून पुष्कळ वर्षे होती. तोवर रस्ते, दिवे, पाणी आणि सफाई यांवरच या मंडळींनी राज्यकारभाराचे धडे गिरवले.

सुभाषबाबूंच्या काळात काय बदलले? मोफत प्राथमिक शिक्षणासाठी महापालिकेने शिक्षण खाते उभारले. वॉर्डावॉर्डांत आरोग्य मंडळे निघाली, गरिबांसाठी मोफत दवाखाने आणि तान्ह्या मुलांसाठी चिकित्सालये सुरू झाली. महापालिकेच्या नोकरांच्या अंगावर खादीचा गणवेश आला. खरेदीत देशी मालाला पहिला मान मिळू लागला. काही रस्त्यांना आणि बागांना थोर भारतीयांची नावे दिली गेली. पूर्वी व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांना मानपत्रे दिली जात. आता तो मान राष्ट्रीय पुढाऱ्यांना मिळू लागला. महापालिकेचे काम नागरिकांना कळावे म्हणून एक साप्ताहिक काढायचेही ठरले.

टीकाही झाली. नोकऱ्या पक्षाच्या माणसांना दिल्या जातात, असा आरोप झाला. मागे पडलेल्या मुसलमान समाजाला नोकऱ्यांत वाटा द्यायचे देशबंधूंचे धोरण होते. त्यावरही काहीजण रागावले, पण देशबंधू आणि सुभाषबाबू दोघेही मागे हटले नाहीत. माझ्या मनात मात्र एक प्रश्न आला. सुभाषबाबूंसारख्या तडफदार माणसाने दुसऱ्यांच्या ठरावावर काम कसे केले असेल? मी यंदा हाउस कॅप्टन आहे. मेस कमिटीने ठरवलेली गोष्ट मला पटली नाही तरी ती पार पाडावी लागते, आणि ते किती जड जाते हे मला माहीत आहे. सुभाषबाबूंनी ते केले. धोरण सभागृहाचे, अंमलबजावणी आपली, ही शिस्त त्यांनी पाळली. ज्याला हुकूम द्यायचे असतात त्याने आधी हुकूम पाळायला शिकावे, हे आम्हाला परेडच्या मैदानावर रोज सांगितले जाते. त्यांनी ते महापालिकेच्या कचेरीतही शिकून घेतले असे मला वाटते.

पण हे काम जेमतेम सहा महिने चालले. २५ ऑक्टोबर १९२४ रोजी पहाटे पोलिसांनी त्यांना अटक केली. खटला नाही, आरोपपत्र नाही. १८१८ सालचा एक जुनापुराणा कायदा त्यासाठी वापरला गेला. शहरात संताप उसळला. महापालिकेने त्यांना पदावरून दूर केले नाही. मग एक विलक्षण गोष्ट घडली. अलीपूरच्या तुरुंगात फायली जाऊ लागल्या आणि पोलीस अधिकाऱ्याच्या देखत मुख्य कार्यकारी अधिकारी कोठडीतून शहराचा कारभार पाहू लागले! काही आठवड्यांनी सरकारने त्यांना बहरामपूरच्या तुरुंगात हलवले आणि जानेवारी १९२५ मध्ये थेट ब्रह्मदेशातील मंडालेला पाठवले.

मंडाले म्हटले की आपल्याला लोकमान्य टिळक आठवतात. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे ते त्याच तुरुंगात होते. सुभाषबाबूंनाही तिथे पोचल्यावर लोकमान्यांची आठवण झाली. तिथूनही पत्रांतून ते कलकत्त्याच्या कामाची विचारपूस करीत राहिले. जून १९२५ मध्ये देशबंधू गेल्याची बातमी त्यांना कैदेतच कळली. पुढे प्रकृती फार खालावल्याने मे १९२७ मध्ये सरकारला त्यांना सोडावे लागले.

दुसरी खुर्ची त्यांना मिळाली तीही तुरुंगातच. जानेवारी १९३० मध्ये त्यांना पुन्हा कारावासाची शिक्षा झाली होती. ते कैदेत असतानाच ऑगस्टमध्ये सभासदांनी त्यांना महापौर निवडले. सप्टेंबरात सुटका झाल्यावर त्यांनी सूत्रे हाती घेतली. आता ते अधिकारी नव्हते, सभागृहाचे प्रमुख होते. देशबंधूंचा कार्यक्रम पुढे नेणे हेच त्यांनी आपले काम मानले. पण बंगालच्या काँग्रेसमध्ये तेव्हा जतींद्रमोहन सेनगुप्त आणि सुभाषबाबू असे दोन गट पडले होते, आणि महापालिकेच्या कामावर त्या भांडणाची सावली पडत होती. २६ जानेवारी १९३१ रोजी स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक घेऊन महापौर स्वतः रस्त्यावर उतरले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. महापौरांनाही मार बसला, आणि पुन्हा तुरुंग! मार्चमध्ये गांधी-आयर्विन करारानंतर ते सुटले. त्या वर्षी महापौरपद डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्याकडे गेले.

१९३३ साली उपचारांसाठी ते व्हिएन्नाला गेले. आजारी माणूस तिथे विश्रांती घेईल असे आपल्याला वाटेल. सुभाषबाबूंनी तिथल्या महापालिकेचा अभ्यास केला. कामगारांसाठी तिने बांधलेली हजारो घरे तेव्हा युरोपभर गाजत होती. आपल्या शहरांत यातले काय करता येईल, हा विचार परदेशातही त्यांना सोडत नव्हता.

कलकत्त्याचे आज कोलकाता झाले आहे, पण दोन खुर्च्यांचा प्रश्न अजून जिवंत आहे. आपल्या महाराष्ट्रात नगरसेवक महापौराची निवड अडीच वर्षांसाठी करतात. तो सभेचे अध्यक्षस्थान घेतो, मात्र अंमलबजावणीचे अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे असतात. कोलकात्यात १९८० च्या कायद्याने वेगळी वाट धरली. तिथे महापौर आणि त्याने निवडलेले नगरसेवक मिळून छोट्या मंत्रिमंडळासारखा कारभार करतात आणि आयुक्त त्यांच्या देखरेखीखाली काम करतो. १९९२ साली मंजूर झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना राज्यघटनेत स्थान दिले, पाच वर्षांची मुदत ठरवून दिली आणि स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. महापौराला किती अधिकार द्यायचे हे मात्र प्रत्येक राज्यावर सोडले.

२३ जानेवारीला मी हे सारे बोललो. शेवटी फौजेची गोष्टही सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय नेताजी पुरे होत नाहीत. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात त्यांनी आझाद हिंद सरकार स्थापन केले, तेव्हा लढाईबरोबर खाती, खर्च आणि माणसांची सोय यांचाही विचार त्यांना करावा लागला. असा विचार करायची सवय त्यांना कलकत्त्यात लागली असावी, असे मला वाटते.

त्या रविवारी घरी फोन करायची माझी पाळी होती. मी बाबांना विचारले, सभागृहात ठराव झाल्यापासून घरात नळाला पाणी येईपर्यंत मधे काय काय होते? बाबा आधी हसले. मग सांगू लागले: आधी ठराव, मग अंदाजपत्रकात तरतूद, मग निविदा, मग खोदाई, मग पाइप, आणि सर्वांत शेवटी कोणाच्या तरी दारात तोटी. सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. माझी दहा मिनिटे संपली, तरी बरेच सांगायचे राहिले होते.

आता कोणी विचारले तर मी पूर्ण उत्तर देतो. माझे बाबा नगरपरिषदेत आहेत, पाणीपुरवठा विभागात.

जय हिंद!