कच्चं शेणखत टाकल्यावर पीक पिवळं का पडतं? इंदूरमध्ये खताचं शास्त्र मांडणारे अल्बर्ट हॉवर्ड

शेण, काडीकचरा, पालापाचोळा शेतात टाकला की जमीन सुधारते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हाच कचरा न कुजवता टाकला तर पिकाचं नुकसान होऊ शकतं. कचऱ्याचं चांगलं खत कसं होतं, याची शास्त्रीय पद्धत होळकरांच्या इंदूरमध्ये तयार झाली. ती तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव होतं अल्बर्ट हॉवर्ड.

शिकवायला आले, शिकत राहिले

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ मध्ये इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात, शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजला शिकून त्यांनी वेस्ट इंडिजमध्ये पिकांच्या रोगांवर काम केलं. १९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतीशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाचे सुधारित वाण तयार केले.

इथल्या शेतकऱ्यांची शेती जवळून पाहताना हॉवर्ड यांचं लक्ष रोगट रोपाकडून त्याच्या मुळाखालच्या मातीकडे वळलं.

इंदूरचा खड्डा

१९२४ मध्ये इंदूरला नवी कृषी संशोधन संस्था सुरू झाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. अडचण अशी होती की शेणाच्या गोवऱ्या करून ते चुलीत जायचं. मग आहे त्या शेणात जास्त खत कसं करायचं?

त्यांनी पऱ्हाट्या, तण, पाला असा सगळा काडीकचरा गोळा केला. त्यात थोडं शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख मिसळली. उथळ खड्ड्यात थर रचायचे, पाणी शिंपडायचं आणि ठरावीक दिवसांनी ढीग खालीवर करायचा. साधारण तीन महिन्यांत खत तयार!

यामागचं कारण समजून घ्या. काडीकचऱ्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी असतं. तो कच्चाच मातीत गेला, तर त्याला कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र वापरून टाकतात आणि पिकाला ते कमी पडतं. म्हणून पान पिवळं पडतं. खड्ड्यात हे काम आधीच उरकतं. शिवाय ढिगाच्या उष्णतेने तणांचं बी आणि बरेच रोगजंतू मरतात.

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी हॉवर्ड यांनी सहकारी यशवंत वाड यांच्यासोबत ही पद्धत पुस्तकरूपात मांडली आणि ते मायदेशी परतले. १९३४ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

पुढे त्यांनी रासायनिक खतांवर कडक टीका केली. माती निरोगी असेल तर पिकांना आणि माणसांनाही रोग कमी होतात, असं ते मांडत. त्यांचा हा दावा अनेक शास्त्रज्ञांना पटला नाही. पण सेंद्रिय शेतीच्या चळवळीने त्यांना आपला पाया मानलं. १९४७ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज काय बदललं?

इंदूरच्या खड्ड्यात मुख्यतः शेतातलाच कचरा जायचा. आज शहराच्या कचऱ्यात बॅटऱ्या, रंग आणि प्लास्टिक असतं. सांडपाण्याच्या गाळात शिसं, कॅडमियम असू शकतं. हे धातू कितीही कुजवलं तरी नष्ट होत नाहीत. ते मातीत साठतात आणि पिकातून आपल्या ताटात येऊ शकतात.

चांगलं खतसुद्धा गरजेपेक्षा जास्त टाकलं, तर त्यातलं नायट्रेट झिरपून विहिरीच्या पाण्यात उतरतं. स्फुरद वाहून तलावात गेलं की शेवाळ माजतं.

म्हणून ओला कचरा घरातच वेगळा ठेवणं, तो पूर्ण कुजवणं आणि माती तपासून हवं तेवढंच खत टाकणं, या तीन गोष्टी टाळून चालत नाहीत.